सी ड्राइव्ह भरला म्हणतो, पण दिसत तर काही नाही!

 आजचं बोलणं जास्त करून गटाच्या सचिव, लेखापाल आणि ग्रामसंघाच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्या आमच्या मुलींसाठी आहे. पण ज्यांच्या हातात फक्त मोबाईल आहे त्यांनी रेडिओ बंद करू नका, तुमचाही विषय पुढं येणार आहे.

गटांकडून आमच्याकडे एक तक्रार सारखी येते. "ताई, कॉम्प्युटर भरला म्हणतोय. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. फोटो काढून टाकले, जुन्या फायली काढून टाकल्या, तरी लाल ती लालच." मग तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं. तिथं दोनातलं एक उत्तर मिळतं. एक तर नवी डिस्क घ्या, नाही तर सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकून देतो. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात गटांची इतिवृत्तं, ठराव, कर्जाची प्रकरणं जातात. आणि दोन्हीची गरज बऱ्याचदा नसते.

आपल्याला एक गोष्ट चांगली येते, ती म्हणजे ताळा जुळवणं. मासिक बैठकीत पेटीतली रोकड मोजायची, वहीतली शिल्लक बघायची, फरक निघाला तर एकेक नोंद तपासायची. फरक निघाला म्हणून कोणी पेटी फेकून नवी पेटी आणत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं.

आधी माप समजून घेऊ. एक हजार चोवीस एमबी म्हणजे एक जीबी. ठरावाचं स्कॅन केलेलं एक पान साधारण अर्धा ते एक एमबी असतं. मोबाईलवरचा एक फोटो तीन-चार एमबी. आणि चांगल्या मोबाईलवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढं सहज जातो. म्हणजे हळदीकुंकवाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ एका बाजूला आणि हजारभर पानांचं स्कॅनिंग दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर पारडं सारखंच राहील. जागा कागदपत्रं खात नाहीत हो. तरी घाईत सगळ्यात आधी पुसली जातात ती कागदपत्रंच!

आणखी एक. डब्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर दाखवतो ११९. त्यात दुकानदारानं फसवलेलं नसतं. बनवणारी कंपनी हजाराच्या हिशोबानं जीबी मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसच्या हिशोबानं. २५६ ची डिस्क २३८ दिसते, ५०० ची ४६५ दिसते. हा फरक धरायचा नाही.

आता खरा फरक कसा काढायचा? आमच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरचंच उदाहरण देतो. डिस्क ११९ जीबीची, त्यातली ११६ भरलेली, शिल्लक तीन. छपाईसुद्धा अडकायला लागली होती. आम्ही सी ड्राइव्ह उघडला, कंट्रोल धरून ए दाबलं, म्हणजे समोर दिसणारं सगळं निवडलं गेलं, आणि माऊसचं उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघितली. बेरीज आली ६१ जीबी. भरलेले ११६, दिसणारे ६१. मग ५५ जीबी कुठं आहेत?

ते लपलेले होते. लपलेले म्हणजे चोरटे नव्हेत. विंडोज काही फायली मुद्दाम नजरेआड ठेवतं, म्हणजे कोणी चुकून हात लावू नये. घरात बियाण्याची पोती आपण माळ्यावर ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाहीत, पण जागा तर व्यापतातच. तसं हे.

ते बघायला दोन वाटा आहेत. पहिली कॉम्प्युटरमध्येच आहे. सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग स्टोरेज. तिथं कुठल्या प्रकारच्या फायलींनी किती जागा घेतली याच्या पट्ट्या दिसतात. दुसरी वाट म्हणजे विनडिरस्टॅट नावाचा फुकट प्रोग्रॅम. तो सगळी डिस्क चाळतो आणि रंगीत चौकोनांचा नकाशा काढतो. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. गोधडीसारखं दिसतं ते. सगळ्यात मोठ्या ठिगळावर बोट ठेवलं की त्या फाइलचं नाव आणि पत्ता कळतो. मात्र हा प्रोग्रॅम साधा दोनदा टिचकी मारून उघडू नका. त्याच्यावर उजवं बटण दाबून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा. नाही तर काही खोल्यांचं कुलूप त्याला उघडता येत नाही आणि तुमचा ताळा पुन्हा चुकतो.

आमच्या ५५ जीबींचा हिशोब असा निघाला. मोठी रक्कम शेवटी सांगतो.

चार जीबीची पेजफाइल नावाची फाइल होती. कॉम्प्युटरची कामाची मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती कमी पडली की विंडोज डिस्कवर थोडा पसारा मांडतं, तो हा. ओट्यावर जागा पुरली नाही की आपण परात खाली जमिनीवर घेतो ना, तसं. हिला हात लावायचा नाही. तीन जीबीची हायबरफिल नावाची फाइल होती. कॉम्प्युटर हायबरनेट करताना जे काही उघडं असेल ते यात साठवून ठेवतात. लॅपटॉप असेल तर राहू द्या. आमचा टेबलावरचा कॉम्प्युटर, आणि आमच्याकडची वीज सांगून थोडीच जाते! हायबरनेटचा आम्हाला काही उपयोग नव्हता, म्हणून ते बंद केलं. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एक ओळ लिहावी लागते. लिहून घ्या, इंग्रजी अक्षरं सांगतो: पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी, मग मोकळी जागा, वजाची खूण, लगेच एच, पुन्हा मोकळी जागा, आणि ऑफ. मग एंटर. फाइल आपोआप जाते. कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो, तेवढं चालतं.

अकरा जीबी रिस्टोअर पॉइंटचे होते. काही बिघडलं तर मागच्या तारखेला परत जाता यावं म्हणून विंडोज अधूनमधून स्वतःची नोंद करून ठेवतं. ही सोय चांगली आहे, ती बंद करू नका. फक्त किती जागा द्यायची ते ठरवता येतं. शोधायच्या चौकटीत क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट लिहा, कॉन्फिगर दाबा. तिथं आत्ता किती जागा वापरली ते दिसतं आणि खाली एक सरकपट्टी असते. आम्ही ती पाच जीबीच्या आसपास आणली.

चौदा जीबी कचरापेटीत होते, म्हणजे रिसायकल बिनमध्ये. तुम्ही म्हणाल, कचरापेटी तर आम्ही रोज रिकामी करतो. आम्हीही करत होतो. पण ही गोष्ट दुरुस्तीवाल्यांनीही आम्हाला कधी सांगितली नव्हती: एका कॉम्प्युटरवर जितक्या जणींची खाती, तितक्या कचरापेट्या. तुम्ही तुमच्या खात्यातून पेटी रिकामी केली तरी दुसरीची भरलेलीच राहते, आणि तुम्हाला ती दिसतही नाही.

तर दुसरी कोण होती? आधी आमच्याकडे काम करणारी ऑपरेटर ताई. लग्न करून दुसऱ्या तालुक्यात गेली. तिचं खाते तसंच राहिलं होतं. चौदा जीबी तिच्या कचरापेटीत, आणि एकवीस जीबी तिच्या खात्याच्या फोल्डरमध्ये. दुसरीच्या खात्यातलं आपल्याला दिसत नाही, म्हणून आमच्या बेरजेत त्याची किंमत शून्य आली होती. चार, तीन, अकरा, चौदा आणि एकवीस, झाले त्रेपन्न. उरलेले दोन किरकोळ.

आता सांगा, ते एकवीस जीबी पुसून टाकायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. ॲडमिनिस्ट्रेटरला दुसऱ्याचं खाते काढून टाकता येतं. एक प्रश्न येतो, फायलींसकट काढू का, आणि हो म्हटलं की संपलं. आमच्यातल्या एकीचं मतही तेच होतं, तीन वर्षांत कोणी विचारलं नाही, मग काय अडतंय? दुसरी म्हणाली, उघडून बघू. आम्ही दोन्ही केलं नाही. त्या मुलीला फोन केला. तिचा पासवर्ड फोनवर मागितला नाही, कारण पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो हे आपणच तर सगळ्यांना शिकवत फिरतो. कुलूप उघडायची ताकद हातात आहे म्हणून दुसरीची पेटी उघडायची नसते, हेही आहे. ती म्हणाली, बाजाराच्या दिवशी माहेरी येणारच आहे, तेव्हा येते. आली, बाळाला आमच्या मांडीवर दिलं आणि स्वतः खाते उघडलं.

बरंचसं खरोखर पसाराच होता. प्रशिक्षणाचे व्हिडिओ, एकच फोटो चार-चार वेळा, ब्राउझरचा साठा. तिच्या साखरपुड्याचे फोटो होते, ते तिनं पेनड्राइव्हवर घेतले आणि हसत हसत पुसले. पण डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं, त्यात अकरा गटांच्या बँकेच्या कागदांचे स्कॅन होते. त्यात एका गटाचा नील दाखला होता, कर्ज पूर्ण फिटल्याचा.

ज्या गटाचा तो दाखला, त्या बायका सहा महिने बँकेच्या पायऱ्या झिजवत होत्या. नव्या कर्जासाठी गेल्या तर उत्तर मिळायचं, तुमचं आधीचं बाकी दिसतंय. गटानं हप्ते वेळेत फेडले होते. मूळ कागद अध्यक्ष काकूंच्या घरात पावसानं भिजून लगदा झाला होता. शेळ्यांसाठी पैसे हवे होते, आणि तोवर दोघींनी खाजगी फायनान्सकडून जास्त व्याजानं उचल घेतली होती. काकूंनी तो दाखला पडद्यावर बघितला तेव्हा काही बोलल्या नाहीत, फक्त तारीख पुन्हा पुन्हा वाचायला लावली. छापून घेतला, दुसऱ्या दिवशी बँकेत दाखवला, तिथं जुनी नोंद शोधून दुरुस्त झाली. कर्ज मंजूर व्हायला पुढं आणखी दीड महिना लागला, तो भाग वेगळा.

मग त्या मुलीनं स्वतःच कचरापेटी रिकामी केली. कामाचं सगळं आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, एक प्रत ग्रामसंघात ठेवली, आणि त्यानंतरच ते खाते काढलं. आधीचे तीन, कचरापेटीचे चौदा, खात्याचे एकवीस, रिस्टोअरचे सहा, हायबरनेटचे तीन. सत्तेचाळीस जीबी मोकळे झाले. नवी डिस्क घ्यावी लागली नाही.

तुमच्या कॉम्प्युटरवर याहून वेगळं काही निघेल. विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बऱ्याच जणींनी अकरावं विंडोज टाकून घेतलं. त्यानंतर विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर राहतं, त्यात जुनं विंडोज असतं. ते साधारण दहा दिवसांनी आपलं आपण जातं. आधीच काढायचं असेल तर हातानं डिलीट करू नका. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये टेम्पररी फाइल्स उघडा, तिथं ते यादीत सापडेल, खूण करून काढा. पण नवं विंडोज नीट चालतंय आणि सगळ्या फायली जागेवर आहेत याची खात्री झाल्यावरच, कारण ते गेलं की मागं फिरता येत नाही.

त्याच यादीत एक सापळा आहे. डाउनलोड्स असं नाव तिथं दिसतं. टेम्पररीच्या यादीत आहे म्हणून खूण केली, तर मेलवरून उतरवलेली सगळी पत्रकं, बँकेची स्टेटमेंट, शासन निर्णय, सगळं एका दमात जातं. डाउनलोड्सवर खूण करायची नाही म्हणजे नाही. ते फोल्डर हातानं, एकेक फाइल बघून आवरायचं.

आणि विंडोज नावाच्या फोल्डरात शिरून काहीही काढायचं नाही. तिथं विनएसएक्सएस नावाचं एक भलं मोठं फोल्डर दिसेल आणि हात शिवशिवतील. त्याचा आकार दिसतो त्यापेक्षा खरा कमी असतो, कारण त्यातल्या कितीतरी फायली दोन जागी दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात. ते काढलं तर कॉम्प्युटरच बसेल.

आता पेनड्राइव्ह. इथं लपलेल्या फायलींचा प्रकार उलटा आहे, आणि आमच्या मते जास्त धोक्याचा. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, छापून आणलं, घरी येऊन बघितलं तर आत सगळं गायब. फक्त एक छोटं चिन्ह, त्याच्या कोपऱ्यात वाकडा बाण. प्रॉपर्टीज बघितली तर सोळा जीबीतले नऊ भरलेले. दिसत काही नाही, पण नऊ भरलेले, म्हणजे फायली आहेत! व्हायरसनं त्या लपवल्या आहेत. बाण असलेली फाइल एक-दोन केबीची असते, तिच्यात तुमचं काही नसतं. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट करून देतो. नको म्हणा, पेनड्राइव्ह परत घ्या.

अँटिव्हायरस चालू असलेल्या कॉम्प्युटरला लावा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडरही चालतो. पेनड्राइव्हच्या नावावर उजवं बटण दाबून आधी स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू उघडा. लपलेल्या फायली दाखवा, या अर्थाच्या पर्यायावर खूण करा आणि त्याच्याच खाली संरक्षित सिस्टिम फायली लपवा, असं जे असतं त्यावरची खूण काढा. विंडोज तुम्हाला दटावेल, यस म्हणा. आता पेनड्राइव्हमध्ये फिकट रंगाची फोल्डरं दिसतील. कधी कधी एकच फोल्डर दिसतं आणि त्याला नावच नसतं, नुसतं चित्र. त्याच्या आत तुमचं सगळं असतं. त्यातली आपली कागदपत्रं तेवढी कॉम्प्युटरवर उचलून घ्या, उघडून बघा, आणि त्यानंतर पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा. काम झालं की ती खूण पुन्हा होती तशी लावून टाका, नाही तर उद्या कोणी सिस्टिमची फाइल निरुपयोगी समजून काढेल. आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल कचरापेटीत जात नाही, सरळ जाते. तिथं हात जपून.

मोबाईलवाल्या ताईंनो, तुमच्याकडेही लपलेलं आहे बरं. तुम्ही गटाच्या ग्रुपवर जो फोटो पाठवता, त्याची एक प्रत व्हॉट्सॲप आपल्या सेंट नावाच्या फोल्डरात ठेवतं. ती गॅलरीत दिसत नाही. म्हणजे गॅलरीतला फोटो पुसला तरी ती तिथं राहते. गॅलरीतून पुसलेलंही लगेच जात नाही, बहुतेक फोनमध्ये ते महिनाभर ट्रॅशमध्ये पडून राहतं. तेव्हा ट्रॅश उघडून रिकामा करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि खूप वेळा पुढं ढकललेले निरोप तिथं वेगळे काढून दाखवलेले असतात. सकाळच्या सुप्रभातची फुलं आणि देवांचे व्हिडिओ आधी काढा. बैठकीच्या हजेरीचे, पावतीचे, सातबाऱ्याचे फोटो मात्र एकेक बघूनच.

पुढच्या महिन्यापासून दर शुक्रवारी दुपारी दोन ते चार आम्ही केंद्रात फक्त याच कामासाठी बसणार आहोत. ज्या ग्रामसंघाची पट्टी लाल झाली असेल त्यांनी दोन आकडे लिहून आणा, भरलेले किती आणि दिसणारे किती. लॅपटॉप असेल तर सोबत चार्जर आणा. बाहेरची हार्ड डिस्क किंवा रिकामा पेनड्राइव्ह आणा, म्हणजे काही काढायच्या आधी प्रत घेता येईल. आणि त्या कॉम्प्युटरवर आधी काम करून गेलेल्या ताईचा नंबर असेल तर तोही आणा.